सोळा पावलांचं मैदान

'खेळ म्हणजे काय ते थोडक्यात लिहा.' गुण दोन.

हा प्रश्न ज्यानं काढला त्याला आमच्या मैदानावर आणून दुपारी दोनच्या उन्हात उभं करावं, असं मला परीक्षेच्या बाकावर बसल्या बसल्या वाटलं होतं. थोडक्यात म्हणजे किती? तेराव्या वर्षापासून मी कबड्डी खेळले. लग्न झाल्यावर दोन वर्षं सासूला शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून खेळले. पंधरा वर्षं शाळेतल्या पोरींना खेळवते आहे. एवढं सगळं दोन ओळींत कसं मावणार? मी पाच पानं लिहिली आणि पुरवणी मागितली. वर्गावरचा पर्यवेक्षक माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होता. तो म्हणाला, "मॅडम, पहिल्याच प्रश्नाला पुरवणी?" मी म्हटलं, "सांगण्यासारखं असलं की लागती."

शेवटची घंटा झाली तेव्हा माझे चार प्रश्न कोरे होते आणि एक कसाबसा खरडलेला होता.

बेचाळिसाव्या वर्षी मी परीक्षेला बसले होते, त्याला कारण मीच होते. शारीरिक शिक्षणाच्या पदविकेची प्रात्यक्षिकं मी कधीच पास झाले होते, तीही पैकीच्या पैकी. लेखी पेपर राहिला, कारण त्या महिन्यात मुलगी झाली. पुढे बिद्रीच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेनं मला मानधनावर घेतलं. तेव्हा कुणी पेपरचं विचारलं नाही. पोरी जिंकत होत्या, तोवर माझा कागद कुणाला बघायचा नव्हता. मग एका दिवशी वरून पत्र आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते माझ्यासमोर ठेवलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "पुढच्या वर्षाच्या आत पेपर सुटला तर तुम्हाला कायम करता येईल. नाही सुटला तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. माझ्या हातात काही नाही." विषय राहिलेल्यांना दोन संधी मिळणार होत्या. त्यातली पहिली मी खेळाची व्याख्या करण्यात घालवली.

आमचे वडील साखर कारखान्यात पोती उचलायचे. आम्हा तिघी बहिणींना त्यांनी शिकवलं, आणि एकीचाही विषय राहू दिला नाही. लग्न होऊन मी शिवाजी पेठेत आले आणि घराण्यात विषय राहिलेली पहिली बाई झाले. दर रविवारी विहारात बहिणी भेटतात. त्या विचारत नाहीत, पण न विचारताही कळतं.

निकाल लागला. पास व्हायला बत्तीस हवे होते, मला तीस पडले. दोन गुणांसाठी माणूस नापास होतं, हे मी दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत ऐकलं होतं. माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. मी अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली त्या दिवशी स्वयंपाक बाजूला ठेवून ओट्यापाशीच उभी राहून पानं उलटली.

पाच पानांच्या खेळाला दोनपैकी दीड. ते सोडा. सगळ्यात शेवटी, तीन मिनिटं उरली असताना खरडलेला प्रश्न होता: 'महिलांच्या कबड्डी मैदानाची मापे लिहा.' गुण दोन. माझं उत्तर असं: लांबी सोळा पावलं. रुंदी दहा पावलं आणि वर दोन तळवे. मधल्या रेषेपासून निदान रेषा चार पावलं. तिथून बोनस रेषा एक पाऊल, एक तळवा. शेजारी लाल शाईत भोपळा, आणि भोपळ्याच्या पुढे 'मीटर?' असं लिहिलेलं.

मीटर मला ठाऊक नव्हते असं नाही. पण घाईत हातानं तेच लिहिलं, जे पाय दर हंगामाला मैदानावर लिहितात. मी टेप वापरत नाही. माझ्या कबड्डीच्या सरांनी मला सोळाव्या वर्षी टेपवर चालवून पाऊल बसवून दिलं होतं, बरोबर पाऊण मीटर. तेव्हापासून चुन्याचा डबा घेऊन मी पावलं टाकत जाते आणि मैदान आखून होतं. आठेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सामने भरले, तेव्हा पंचांनी टेप लावून बघितलं. बोटभरसुद्धा फरक निघाला नाही. ते पंच म्हणाले होते, "मॅडमचं पाऊल म्हणजे सरकारी माप हाय." आणि हा कोण कुठला तपासनीस, त्यानं मला भोपळा दिला.

"मी सोडणार नाही," मी मुलीला म्हटलं. ती बारावीला होती. तिचाही अभ्यास चालला होता आणि माझा राग तिच्या वह्यांवर सांडत होता.

"काय करणार?"

"अर्ज करणार. सोळा पावलं म्हणजे बारा मीटर. उत्तर बरोबर आहे. गुण द्या म्हणायचं."

त्या दिवसांत माझा आणखी एक राग आधीपासून धुमसत होता, तो इथेच सांगितला पाहिजे. त्याच वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही शेवटचा सामना हरलो होतो. आमच्या संघात नववीतली एक पोरगी चढाईला जायची. सडपातळ, वाऱ्यासारखी. चढाई करणारी कुणाला शिवली नाही तरी चालतं, पण समोरच्यांच्या अंगणातली निदान रेषा ओलांडून तिनं परत यायचं असतं. नाही ओलांडली तर ती बाद. मी पोरींना पहिल्या दिवसापासून एकच सांगते: खाली बघायचं नाही, समोरच्यांचे पाय बघायचे, रेघ अंगात बसली पाहिजे. या पोरीच्या अंगात ती बसली होती. तीन झेपा टाकायची, वळायची, परत.

त्या सामन्यात ती दोनदा तीन झेपा टाकून वळली आणि दोन्ही वेळा पंचांनी तिला बाद दिलं. पाय रेघेच्या अलीकडे वीतभर पडला होता. आम्ही दोनच गुणांनी हरलो. मी तिथेच, सगळ्या संघासमोर, दुसऱ्या शाळांच्या पोरी ऐकत असताना तिला झापलं. ती म्हणाली, "मॅडम, हितली रेघ लांब हाय."

मी म्हटलं, "रेघ सगळीकडं सारखीच असती. तुझे पाय चोर हायत."

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. शाळेत यायची. साडेचारची घंटा झाली की दप्तर घेऊन, मैदानाच्या कडेनं, आमच्याकडे न बघता घरी जायची. मला त्याचाही राग आला. एका शब्दाने रुसायला काय झालं, आमच्या सरांनी आम्हाला काय कमी बोललं होतं, असं मी मोठ्या बाईंच्या खोलीत चहा पिता पिता सांगितलं होतं.

तर तो अर्ज. मी तीन पानं लिहिली. मुलीनं ती वाचली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मम्मी, पुरावा लागंल. पाऊण मीटर हाय म्हणतीस, कशावरनं?"

"कशावरनं म्हणजे? माझं पाऊल मला ठाऊक नाही?"

"तुला असंल. त्यांनी कसं मानायचं? चल, मोजू या. फोटो काढून लावू."

खालच्या सुतारकाकांकडून तिनं टेप आणली. आम्ही गच्चीवर गेलो. संध्याकाळची वेळ होती, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घातले होते ते काढणं चाललं होतं. मी कठड्याला टाच लावून उभी राहिले आणि रोज टाकते तसं पाऊल टाकलं. मुलगी वाकली.

"सत्तर," ती म्हणाली.

"नीट बघ."

"सत्तरच हाय. परत टाक."

मी परत टाकलं. सत्तर. तिसऱ्यांदा एकोणसत्तर. चौथ्यांदा मी जरा लांब टाकायला गेले, तर गुडघ्यात कळ आली आणि कठडा धरावा लागला.

"ताणू नको," मुलगी म्हणाली. "रोज टाकतीस तसं टाक म्हटलं."

गुडघा. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडीवरून घसरून पडले, ऑपरेशन झालं, महिनाभर घरात होते. त्यानंतर मला वाटत होतं की मी पहिल्यासारखी चालते. जिना उतरताना थोडं होतं, तेवढंच. पाऊल आखडलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुणाला विचारलं होतं?

मुलगी गणितात हुशार आहे. तिनं तिथल्या तिथे केलं. "सोळा सत्तर अकराशे वीस. म्हणजे अकरा मीटर वीस. बारा न्हाई, मम्मी. आणि निदान रेषा चार पावलं, म्हणजे दोन मीटर ऐंशी. ती किती पायजे?"

"तीन," मी म्हटलं.

"वीस सेंटीमीटर कमी."

वीस सेंटीमीटर म्हणजे वीत. मी गच्चीवर मटकन खाली बसले. मुलीला वाटलं गुडघा दुखतोय. ती पाणी आणायला गेली. आणि मला दिसत होती ती पोरगी, तीन झेपा टाकून वळणारी, न बघता. रेघ तिच्या अंगात बसली होती. ती रेघच मी चुकीची बसवली होती. तालुक्याच्या मैदानावर टेपनं आखलेली खरी रेघ होती, आणि तिनं मला ते तिथेच, त्याच क्षणी सांगितलंही होतं. चार शब्दांत.

तो अर्ज मी फाडला. तपासनिसाचा भोपळा बरोबर होता.

इथपर्यंत सांगायला मला लाज वाटत नाही. चूक कुणाचीही होते. लाज पुढच्याची आहे. कुणीही शहाणं माणूस दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या पोरीला हाक मारून सांगतं. मी तसं केलं नाही. आधी परीक्षा होऊ दे, म्हटलं. कायम करायचं ठरत असताना मैदानच चुकीचं आखत होते हे कुठे सांगत बसा. मोठ्या बाई काय म्हणतील, गावात काय बोलतील. मी गप्प बसले आणि अभ्यासाला लागले.

अभ्यास माझी मुलगीच घ्यायची. माझीच शिट्टी गळ्यात अडकवून ती समोर बसायची. "एका मार्काला दोन मिनिटं. दोन मार्काला दोन मुद्दे. तिसरा मुद्दा लिहिलास की शिट्टी." आणि खरंच वाजवायची. पेठेतल्या घरांच्या भिंतीला भिंत लागलेली असते. समोरच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "काय गं, घरात मॅच लावलीय काय?"

'पाय मुरगळल्यास कोणते प्रथमोपचार कराल?' मी लिहिलं: हळद आणि तुरटी गरम करून लेप लावावा, तेलानं अलगद चोळावं, घट्ट बांधावं. शिट्टी. "पुस्तकात बर्फ हाय. चोळायचं न्हाई."

"अगं, आम्ही सगळ्या हळदीवर बऱ्या झालोय."

"तुझा गुडघा झालाय बरा?"

मी हळदीवर काट मारली. बर्फ, विश्रांती. दोन मुद्दे. असं मी महिनाभर स्वतःला छाटत होते. 'उत्तेजक व्यायामाचे दोन फायदे', 'सांघिक भावना म्हणजे काय', 'पंचाचे दोन गुण'. पंचाच्या गुणांपाशी मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, निःपक्षपाती असावा आणि खरं बोलणाऱ्याला झापू नये. मुलगी म्हणाली, "दुसरा पुस्तकात न्हाई." तिला काय ठाऊक. त्या पोरीची गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती.

मे महिन्यात शाहूपुरीतल्या एका कॉलेजात परीक्षा झाली. पंखा होता पण फिरत नव्हता. तिसऱ्या पानावर तोच प्रश्न आला. पेपर काढणाऱ्यांनाही दुसरं काही सुचत नाही. 'महिलांच्या कबड्डी मैदानाची मापे लिहा.' गुण दोन. मी लिहिलं: लांबी बारा मीटर, रुंदी आठ मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून तीन मीटर. तीनचा आकडा काढताना माझा हात थांबला. ते तीन मीटर मला कागदावर दोन गुण देणार होते, आणि त्या पोरीला मी ते मैदानावर एकदाही दिले नव्हते. मला स्वतःचा इतका राग आला की पुढच्या उत्तराला पेन टेकवताना कागद फाटला. पण सगळे प्रश्न सोडवले. दहा मिनिटं आधी उठले.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी एकटीच मैदानावर गेले, टेप लावली आणि नव्या रेघा आखल्या. पोरी आल्या. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "मॅडम, रेघ लांब गेल्यासारखी वाटतीया."

मी म्हटलं, "नवीन नियम आलाय."

रेघांवर परत चुना टाकून पांढरे झालेले हात झटकत मी हे बोलले. पंधरा वर्षांत पोरींशी मैदानावर खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. आणि कडेनं ती पोरगी, आता दहावीत गेलेली, दप्तर घेऊन घरी चालली होती. ती थांबली. रेघेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग गेली. तिनं रेघ ओळखली होती, याबद्दल मला शंका नाही. दहावीचं वर्ष म्हणजे शाळेतलं तिचं खेळायचं शेवटचं वर्ष, आणि तालुक्याच्या स्पर्धा दोन महिन्यांवर आलेल्या.

जुलैत निकाल लागला. मी पास झाले, चांगली पास झाले. बहिणींनी पेढे वाटले. मोठ्या बाईंनी माझी फाईल वर पाठवली आणि मला म्हणाल्या, "उद्या परिपाठाला तुमचा सत्कार करायचा." मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, मी लाजते आहे.

पाऊस उघडला होता. सगळी शाळा मैदानावरच रांगेनं उभी होती, माझ्या नव्या रेघांवर पाय देऊन. प्रार्थना झाली. मोठ्या बाईंनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाल्या की या वयात परीक्षा देऊन मॅडमनी आदर्श घालून दिला आहे. टाळ्या झाल्या. दहावीच्या रांगेत ती पोरगीही टाळ्या वाजवत होती. तोंड कोरं ठेवून, शाळेत वाजवायच्या असतात म्हणून वाजवत होती.

"मॅडम, दोन शब्द बोला," मोठ्या बाई म्हणाल्या आणि माईक माझ्याकडे दिला.

मी आयुष्यात कधी दोन शब्द बोललेले नाही. माझ्या तोंडाला सरांपासून वस्तीवरल्या आत्यापर्यंत सगळे कंटाळलेत. पण त्या दिवशी नारळ कुठे ठेवावा ते कळेना, तो तसाच काखेत धरला आणि डोक्यात फक्त मुलीची शिट्टी होती. दोन मार्काला दोन मुद्दे.

"गेली दोन वर्षं या मैदानावरची रेघ मी चुकीची आखली," मी म्हटलं. "वीतभर अलीकडे. नवीन नियम आलाय म्हणून मी मागच्या महिन्यात सांगितलं, ते खोटं होतं."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. शाल खांद्यावरून घसरायला लागली होती.

"तालुक्याला हरलो ते त्या रेघेमुळं. आपल्या चढाईवालीनं मला तिथंच खरं सांगितलं होतं, आणि मी तिला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. तिचे पाय बरोबर होते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तिच्याकडे बघत होते. ती खाली बघत होती, पायाजवळच्या चुन्याकडे. मग तिनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. अजून काय आहे ते ऐकायला थांबल्यासारखी.

तिसरा मुद्दा माझ्याकडे होता. अपघात, ऑपरेशन, आखडलेलं पाऊल, कुणाच्याच लक्षात न आलेलं. त्याची मी पाच पानं भरली असती.

मी माईक मोठ्या बाईंच्या हातात दिला आणि जाऊन दहावीच्या रांगेच्या शेवटी उभी राहिले.